१८९१च्या पावसाळ्यातलं बेळगाव आणि विहिरीतला एक खून: कादंबरीसाठी तपशील हवेत

वेणुग्राम (धागाकर्ती)

मंडळी, बेळगावात घडणारी एक ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहायला घेतली आहे. आराखडा देते. काळाशी, कायद्याशी किंवा इथल्या मातीशी न जुळणारं काही दिसलं तर बेलाशक खोडून काढा.

जुलै १८९१. आषाढाची झड लागली आहे. शहापूरचा एक लिंगायत साडी-व्यापारी कॅम्पाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, कडेच्या एका भाड्याच्या बंगल्यातल्या विहिरीत मेलेला सापडतो. अंधारात पाय घसरला असंच सगळे म्हणतात. पंचनामा होतो, प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात मिळतं आणि त्याच दिवशी शहापुरात दफन होतं. बारा दिवसांनी विषाचा संशय उभा राहतो. संशयित तिघं: मेव्हणा, दुकानाचा दिवाणजी आणि बंगल्याचा भाडेकरू, म्हणजे कापसाचा एक दलाल. तपास फौजदाराकडे.

साल मुद्दाम १८९१ धरलं आहे. रेल्वे येऊन चार वर्षं झालेली, तार तर जुनीच. प्लेग अजून पाचसहा वर्षं लांब. कलकत्त्याची बोटांच्या ठशांची कचेरी १८९७ची, म्हणजे विहिरीच्या काठावर पितळी तांब्या सापडला तरी त्यावरचे ठसे कुणी बघणार नाही. फौजदाराला डोकंच चालवावं लागेल.

अट एकच: हे कोडं उचलून पुण्यात किंवा मुंबईत नेऊन ठेवलं तर ते कोसळलं पाहिजे.

---

फिर्यादपक्ष

वेणुग्रामताई, शहापूर निवडलंत तिथेच तुमची अट अर्धी पुरी झाली. त्या काळी शहापूर सांगली संस्थानात होतं. बेळगाव शहर ब्रिटिशांचं, आणि त्याला खेटून असलेली शहापूरची पेठ सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांची. बाजारात चालत जाता जाता माणूस हद्द ओलांडायचा.

आता तुमच्या कथेत काय झालं बघा. प्रेत सापडलं ब्रिटिश हद्दीत, थडगं आहे संस्थानी हद्दीत. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७६व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट पुरलेलं प्रेत उकरून काढायचा हुकूम देऊ शकतो, पण तो आपल्या हद्दीत. शहापुरातल्या थडग्यावर बेळगावच्या मॅजिस्ट्रेटचा हुकूम चालत नाही. कागद जाणार असा: बेळगावचा कलेक्टर, जो डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटही असतो, तिथून कोल्हापूरला पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानांवर देखरेख करणारा ब्रिटिश अधिकारी, तिथून सांगली दरबार, आणि तिथून उलट्या वाटेने शहापूरच्या संस्थानी अंमलदाराकडे. ही दिरंगाई म्हणजेच तुमच्या कादंबरीचा मधला भाग. खुन्याला थडग्याशी काही करायचं असेल तर एवढीच सवड त्याच्या हातात आहे.

संशयिताच्या अटकेचंही तेच. मेव्हणा शहापुरात घरी बसला असेल तर फौजदाराने रस्ता ओलांडून त्याला धरून आणला, असं लिहू नका. १८७९च्या प्रत्यर्पण कायद्याची वाट पोलिटिकल एजंटावरूनच जाते. मेव्हणा आपण होऊन बेळगावच्या बाजूला आला तरच हात घालता येईल, म्हणून त्याला अलीकडे कसा आणायचा हा फौजदाराचा डाव होऊ शकतो.

आणखी एक: त्या अधिकाऱ्याचा सरकारी हुद्दा 'चीफ कॉन्स्टेबल'. लोक फौजदार म्हणतात ते ठीक, पण कागदावर 'सब-इन्स्पेक्टर' लिहू नका. तो हुद्दा १९०२-०३च्या पोलीस कमिशननंतरचा.

---

खानापूरकर

काही शब्द आधीच गाळून टाका बगा. 'टिळकवाडी' नको, तो सगळा भाग तेव्हा रान आणि शेत. आरोपीला 'हिंडलग्याच्या तुरुंगात' टाकू नका, तो १९२३चा. खेडेगावचा प्रसंग आला तर 'बैलहोंगल तालुका' न लिहिता संपगाव तालुका लिहा, कचेरी बैलहोंगलला. सौंदत्ती भाग परसगड तालुक्यात. रायबाग घेणार असाल तर ते कोल्हापूर संस्थानात. गावात पोलीस पाटील, कुलकर्णी, तळवार, वालीकार, शेतसनदी ही गावकामगार माणसं दाखवा. खाकीतले पोलीस खेड्यात क्वचितच, बातमी पाटलाच्या तोंडूनच ठाण्यावर जाते.

घरात स्टीलचं भांडं नको. तांब्या-पितळेची कल्हई केलेली भांडी. रात्री रॉकेलचा कंदील चालेल.

---

न्यायवैद्यक

मुख्य मुद्द्याला येतो. विष कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. बारा दिवसांनी आषाढातल्या ओल्या मातीतून प्रेत काढायचं असेल तर सोमलाशिवाय, म्हणजे पांढऱ्या आर्सेनिकशिवाय, इलाज नाही. वनस्पतींची बहुतेक विषं प्रेत कुजताना हाताला लागेनाशी होतात, आणि १८९१च्या रसायनशाळेत तर हमखास. सोमल धातुजन्य आहे, तो जात नाही. धोतरा हवाच असेल तर प्रेत ताजं असताना उकल व्हायला हवी. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बियांत मिसळून घातलेलं असायचं. दोन्ही बिया तळहातावर घेऊन भिंगाखाली बघितल्या की फरक लगेच दिसतो. मिरचीचं बी फिकट पिवळं, गुळगुळीत, गोलसर. धोतऱ्याचं त्याहून मोठं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, तपकिरीकडे झुकणारं, आणि पाठीवर बारीक खळगे. चव घेतली तर एक तिखट, एक कडू.

सोमलाचा खुन्याला मोठा फायदा म्हणजे त्याची लक्षणं पटकीसारखी, म्हणजे कॉलऱ्यासारखी, दिसतात. उलट्या, जुलाब, पायात गोळे, हातपाय गार. पावसाळ्यात पटकीचे रोगी असतातच. फरक करणारी खूण क्रमात आहे: सोमलात घशात आग होते आणि आधी उलटी, मग जुलाब. पटकीत आधी जुलाब, मग उलटी, आणि जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. घरातल्या बाईने दिलेल्या जबानीत हा क्रम सहज येऊ द्या, त्यावर कुणीच बोलू नये. चाणाक्ष वाचक तिथे थांबेल.

आता विहीर. तुमच्या आराखड्यात माणूस विषाने मेला आणि नंतर विहिरीत टाकला असं दिसतंय. मग पहिल्याच पंचनाम्यात खुणा असणार. जिवंत बुडालेल्याच्या तोंडा-नाकाशी बारीक, चिवट फेस येतो, पुसला तरी पुन्हा येतो. मुठीत शेवाळ, गाळ किंवा काडी घट्ट धरलेली सापडते, नखांत चिखल असतो. मेल्यावर टाकलेल्यात यातलं काही नसतं. पंचांनी कारकुनी इमानाने लिहिलेलं असू द्या: 'तोंडास फेस नाही. हात उघडे. नखे स्वच्छ.' लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ कळलेला नाही, फौजदाराला बारा दिवसांनी कळतो. वाचकाला सुगावा आधी मिळालेला असतो, म्हणजे फसवणूक नाही.

आत टाकलेलं प्रेत कधी वर येईल, याचाही हिशोब ठेवा. बेळगावचा जुलै गार असतो, जांभ्यातल्या खोल विहिरीचं पाणी त्याहून गार. प्रेत दुसऱ्या दिवशी आपोआप तरंगणार नाही. सकाळी पाणी शेंदताना पोहरा अडकून कळलं, असं करा.

---

फिर्यादपक्ष

वरच्या प्रतिसादाला जोड देतो. १७४व्या कलमाखालचा मयताचा पंचनामा दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष होतो. मरणाच्या कारणाबद्दल शंका असेल तर प्रेत सिव्हिल सर्जनकडे पाठवायचं, नसेल तर ताब्यात द्यायचं. म्हणजे 'पाय घसरला' या मताला पंचांनी मान डोलावली की शवविच्छेदन टळतं. पंचांत मेव्हण्याचा कुणी व्याही घालून ठेवा, पुरे.

---

संध्यामठ

न्यायवैद्यक, एक शंका. लिंगायत दफनात बसलेल्या स्थितीत ठेवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग, भोवती विभूती आणि बेलपत्री. विभूतीचा प्रयोगशाळेच्या निकालावर परिणाम होईल का? बचावाचा वकील हे उचलणारच.

---

न्यायवैद्यक

नेमका प्रश्न. होय, उचलणार. म्हणून उत्खननाच्या वेळी नुसता जठर-यकृत घेऊन भागत नाही. प्रेताच्या वरची माती, खालची माती, बाजूची माती, आणि त्याच आवारातली पण थडग्यापासून लांबची माती, प्रत्येकाचा नमुना वेगळ्या बाटलीत. विभूतीचाही नमुना, तोही दोन ठिकाणचा: थडग्यातला, आणि ज्या मठातून ती आणली तिथला. आपली तांबडी माती लोहयुक्त, आणि लोहाच्या मातीत आर्सेनिक धरून राहतं. ते मातीतून प्रेतात झिरपलं, असा बचाव पक्का ठरलेला आहे. लांबच्या मातीत सोमल नाही आणि यकृतात आहे, एवढं दाखवलं की तो बचाव संपला.

बरण्यांचं सांगतो, कारण कादंबऱ्यांत इथे हमखास घोळ होतो. रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या, काचेचं बूच. एकीत जठर आणि त्यातला ऐवज, दुसरीत लहान आतड्याचा भाग, तिसरीत यकृताचा मोठा तुकडा आणि एक मूत्रपिंड. वरून शुद्ध स्पिरिट, बरणी काठोकाठ न भरता, कारण वायू धरून बूच उडतं. त्याच स्पिरिटचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत, म्हणजे स्पिरिटमध्येच विष होतं असं म्हणता येत नाही. बुचावर कातडं किंवा कापड, दोरी, लाख, मोहोर. मोहोरेचा ठसा वेगळ्या कागदावर, तो पत्रासोबत. पेटी मुंबईला, सरकारी केमिकल अ‍ॅनलायझरकडे. फॉर्मॅलिन लिहू नका, १८९१त ते शवागारात नव्हतं आणि आजही व्हिसेऱ्याला, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अवयवांना, चालत नाही.

तिथे दोन परीक्षा. राइन्शची: आम्लात ऐवज उकळताना तांब्याची पट्टी टाकतात, तिच्यावर करडा-काळा लेप चढतो. पट्टी नळीत तापवली की काचेवर आठ पैलूंचे चकाकते स्फटिक जमतात, ते भिंगाने बघायचे. मार्शची: जस्त आणि आम्ल घालून निघालेला वायू पेटवतात, गार चिनी मातीवर काळा आरसा धरतो. आरसा अँटिमनीचाही येतो, पण सोमलाचा हायपोक्लोराइटमध्ये विरघळतो, अँटिमनीचा नाही.

उलटतपासणीसाठी एक सोन्यासारखा प्रश्न आहे: 'आपण नुसतं आम्ल आणि नुसतं तांबं घेऊन आधी कोरी परीक्षा केली होती का?' १८५९त लंडनच्या स्मेथर्स्ट खटल्यात आल्फ्रेड टेलरसारख्या नावाजलेल्या तज्ज्ञाच्या तांब्यातच आर्सेनिक निघालं होतं. मुंबईहून बेळगावात आलेल्या वकिलाला हे ठाऊक असणं अगदी शक्य आहे.

---

रूळवेळ

तपासाची दुसरी बाजू घड्याळाची, आणि ती १८९१लाच जमते. १९०६च्या १ जानेवारीपर्यंत भारतीय प्रमाणवेळ नव्हती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. मद्रास ८०.२५ रेखांशावर, बेळगाव ७४.५ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे फरक २३ मिनिटांचा. स्टेशनातलं घड्याळ बेळगावच्या सूर्यापेक्षा २३ मिनिटं पुढे.

आता समजा शेजारच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या पेन्शनराने डायरीत लिहिलं: रात्री ९ वाजता विहिरीकडून काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज. कापसाचा दलाल ९:१५च्या गाडीने मिरजेकडे गेला, हे स्टेशनमास्तर सांगतो. फौजदार म्हणणार, पाऊण मैलावरचं स्टेशन, पंधरा मिनिटं भरपूर. दलाल अडकला. पण पेन्शनराचं घड्याळ आवारातल्या सूर्यघड्याळावर लावलेलं. त्याचे ९ म्हणजे रेल्वेचे ९:२३. गाडी तर आठ मिनिटं आधीच सुटलेली.

---

पंचांगकर्ता

रूळवेळ, कल्पना उत्तम, पण दोन ठिकाणी गळते.

पहिली, आषाढात बेळगावात सूर्य दिसतो कुठं? मृग लागला की आठवडेच्या आठवडे सूर्यघड्याळावर सावली पडत नाही. पेन्शनराने घड्याळ शेवटचं लावलं ते मेअखेरच्या कोरड्या दिवशी, असंच धरायला हवं.

दुसरी, सूर्यघड्याळ मध्यम वेळ, म्हणजे साध्या घड्याळाची सरासरी वेळ, दाखवत नाही. वर्षभर ते पुढे-मागे होतं. फेब्रुवारीच्या मध्यावर १४ मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. मेअखेरीस ते दोन-अडीच मिनिटं पुढे असतं. म्हणजे त्या दिवशी घड्याळ लावलं तर रेल्वेशी फरक २३ नाही, साडेवीस.

त्यात घड्याळाची चाल घाला. ३१ मे ते १८ जुलै ४८ दिवस. खिशातलं घड्याळ दिवसाला दहा सेकंद मागे पडत असेल, आणि तेवढं त्या काळच्या बऱ्या घड्याळाचंही पडायचं, तर आठ मिनिटं. एकूण साडेअठ्ठावीस. पेन्शनराचे ९ म्हणजे रेल्वेचे ९:२८ उलटून गेलेले. दलाल तेरा मिनिटांआधीच गाडीत.

हे फौजदाराला सिद्ध कसं करता येईल? तार कचेरीत मद्रासची वेळ तारेवरून येते. पेन्शनराचं घड्याळ न हलवता, न लावता, आठ दिवस रोज त्या वेळेशी पडताळून चाल काढायची. त्यासाठी चावी द्यायला पेन्शनरालाच सांगायचं, कारण हात बदलला की चाल बदलली असं म्हणायला वाव मिळतो. एक अख्खं प्रकरण होईल, आणि फक्त आकड्यांवर उभं राहील.

नोव्हेंबर घेतला असता आणि घड्याळ त्याच आठवड्यात लावलेलं असतं तर फरक जेमतेम सात मिनिटांचा, म्हणजे दलालावरचा आरोप टिकला असता. तेव्हा महिना बदलायचा मोह झाला तर सगळी गणितं पुन्हा मांडा.

---

वेणुग्राम

पंचांगकर्ता, रूळवेळ, दोघांचेही मनापासून आभार. दलाल विहिरीच्या बाबतीत निर्दोष ठरतो, विषाच्या बाबतीत नाही. वाचकाच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या व्हायला उशीर लागेल, तेच हवं आहे. तारखा अशा धरते: पहिली उलटी घरी, १८ जुलैच्या पहाटे दोनच्या सुमारास. १८ला दिवसा माणूस सावरतो, बंगल्यावर जातो, संध्याकाळी तिथे मरतो, रात्री विहिरीत. दिवाणजी गोकाकच्या गिरणीवरून सुताचा सौदा करून १७च्या संध्याकाळी परतला आहे. तो खुनी असेल तर त्याला दूर कसं ठेवायचं?

---

मोडीवाचक

त्याला दूर ठेवायला खोटा साक्षीदार लागत नाही, कारकून पुरे.

घरातली बाई तिथी सांगते. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री पालटते. १७ जुलैला जी तिथी उजाडली, त्याच तिथीच्या रात्री तिसऱ्या प्रहरी वांती झाली असं ती म्हणणार, आणि तिचं बरोबर आहे. पहाटेचे दोन म्हणजे तिच्या लेखी अजून तीच रात्र. कारकुनाने पंचांग उघडलं, तिथीपुढची तारीख बघितली आणि लिहिलं: १७ जुलै, रात्री दोन. इंग्रजी वाचणाऱ्या मॅजिस्ट्रेटच्या डोळ्यांपुढे ती १६ आणि १७च्या मधली रात्र आली. त्या वेळी दिवाणजी गोकाकला होता. सोमलाची लक्षणं खाल्ल्यावर काही तासांतच सुरू होतात, तेव्हा तो सुटला. चोवीस तासांची चूक, आणि कुणीही खोटं बोललेलं नाही. कादंबरीत तिथी छापण्याआधी शके १८१३चं पंचांग काढून तारीख जुळवून घ्या, वाचक तपासतात.

दुकानाच्या वह्या मोडीत असणार. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळत नाहीत, बोरू न उचलता ओळ पुढे जाते. फौजदाराने पान बघताक्षणी 'बनावट' म्हणू नये. बनावट ओळखायची जागा निराळी: रोजकीर्दीत दिवसाअखेर शिल्लक काढून रेघ मारतात. मागाहून घुसवलेली रक्कम रेघेच्या वर दाटीत बसते, शिल्लक जुळवायला पुढच्या प्रत्येक दिवसाचा आकडा खरडावा लागतो, आणि खरडलेल्या जागी शाई फुटते. नाही तर अख्खं पान बदलावं लागतं, मग वहीच्या शिवणीत त्याचा जोडीदार कागद वेगळ्या घोटाईचा निघतो. बोटाने चाचपलं तरी कळतं.

---

खानापूरकर

मातीचं राहिलं की. बेळगावपासून पश्चिमेकडं तांबडी जांभ्याची माती, पूर्वेकडं गोकाक-अथणी-परसगड काळं रान. पाऊसही तसाच घसरत जातो, अथणीला बेळगावच्या निम्म्याहून कमी. दिवाणजी गोकाकहून आला म्हणतो तर त्याच्या गाडीच्या आऱ्यांत, बैलांच्या खुरांत काळी चिकण दिसली पाहिजे. ती वाळली की दगडासारखी धरते, पावसाने लगेच धुऊन जात नाही. नुसती तांबडीच दिसली तर तो पूर्वेला गेलाच नाही, खानापूरच्या बाजूला कुठं तरी बसून होता. मात्र तो रेल्वेने आला तर ही खूण बाद. गोकाक रोड स्टेशनपासून गिरणीपर्यंत त्याला गाडी लागणारच, पण ती भाड्याची. तेव्हा त्याला पायी उतरवून वहाणांच्या शिवणीत माती ठेवा.

---

वेणुग्राम

आणखी एक अडचण. बंगल्याच्या ओसरीवर डाग आहेत, ओढून नेताना कपाळ फुटलं त्याचे. बंगल्याचा गडी म्हणतो, कोंबडं कापलं होतं. प्रयोगशाळा काय सांगू शकेल?

---

न्यायवैद्यक

माणसाचं रक्त की जनावराचं, हे १८९१त सांगता येत नाही. ती परीक्षा १९०१ची. अहवालात फक्त 'सस्तन प्राण्याचे रक्त' येईल. पण गड्याने कोंबड्याचं नाव घेतलं तिथेच तो फसला. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी लांबट आणि मध्यभागी केंद्र असलेल्या, सस्तनांच्या गोल आणि बिनकेंद्राच्या. डाग फार जुना नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक तेव्हाही दिसायचा. बकरं म्हणाला असता तर त्याला खोडून काढणं कठीण होतं. म्हणून त्याला पढवणाऱ्याने घाईत पढवलंय हे आपोआप दिसेल. डाग विड्याचा, गंजाचा की रक्ताचा, हे आधी ठरवायला ग्वायकमची परीक्षा आणि हेमिनचे स्फटिक होते.

एक सावधगिरी: मेल्यावर कपाळ फुटलं तर रक्त भळभळत नाही, थोडं ठिपकतं. डाग मोठे दाखवलेत तर विषाने आधी मेल्याचं तुमचंच म्हणणं मोडेल. रुपयाएवढे दोन-तीन, बस.

---

फिर्यादपक्ष

शेवटी कोर्ट. गड्याने ठाण्यात सगळं कबूल केलं तरी १८७२च्या पुरावा कायद्याचं २५वं कलम ते पुराव्यात येऊ देत नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना इतर कुणाजवळ कबूल केलं तर २६वं कलम आड येतं, मॅजिस्ट्रेट समोर असेल तरच चालतं. वाट २७व्या कलमाची: त्याच्या सांगण्यावरून सोमलाची पुडी जिथून निघाली, तेवढाच भाग. पंचांना पुडी काढण्याआधी बोलवा. पुडी आधी काढून पंच मागून आणले तर वकील तिथेच प्रकरण फोडेल.

मॅजिस्ट्रेटपुढचा कबुलीजबाब १६४व्या कलमाखाली. गडी कानडी बोलणारा असेल तर जबाब शक्यतो त्याच्याच भाषेत उतरवावा लागतो, तसं ३६४वं कलम सांगतं. तसं करणं जमत नसेल तरच कोर्टाच्या भाषेत किंवा इंग्रजीत. तो आपखुशीने दिल्याचा मॅजिस्ट्रेटचा दाखला खाली नसेल तर पुढे घोळ. गड्याला माफीचा साक्षीदार करायचा असेल तर ३३७वं कलम, पण त्याच्या एकट्याच्या जिभेवर फाशी देताना न्यायाधीश बिचकतात, म्हणून वही आणि घड्याळ लागतातच.

खटला सेशन्स जज्जापुढे. असेसर, म्हणजे जज्जाला मत देणारे नागरिक, बसवलेत तर त्यांची मतं तो विचारतो, त्यांनी बांधला जात नाही. दोन्ही असेसर 'निर्दोष' म्हणाले आणि जज्जाने फाशी दिली, हे तेव्हा कायदेशीर होतं. फाशी लगेच होत नाही. ३७४व्या कलमाप्रमाणे सगळे कागद मुंबई हायकोर्टाकडे शिक्षा कायम करायला जातात, हायकोर्ट निकाल उलटही करू शकतं. दलाल युरोपियन केलात तर मात्र हा सगळा भाग बदलेल. खुनाचा आरोप असलेल्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनाचा खटला बेळगावात चालणार नाही, तो थेट मुंबई हायकोर्टात जाईल.

---

वेणुग्राम

दलाल देशीच ठेवते. दरबारचा हुकूम यायला किती दिवस लावू? थडग्याशी छेडछाड करायला दिवाणजीला वेळ हवा, पण इतका नको की यकृत उरणार नाही.

---

फिर्यादपक्ष

तीन आठवडे पटतील. पोलिटिकल एजंटाच्या कचेरीत एक आठवडा, दरबारात दीड, बाकी वाटेत. तार करून घाई केली तरी दरबार लेखी कागदाशिवाय हलत नाही.

---

न्यायवैद्यक

तीन आठवडे आणि आधीचे बारा दिवस, म्हणजे तेहतीस. गार, ओल्या मातीत यकृत मऊ पडेल, पण हाती लागेल. दिवाणजीने थडग्यात सोमल टाकून 'माती दूषित होती' असा बचाव उभा करायचा प्रयत्न केला तर सोमल वरच्या मातीत जास्त आणि खालच्या मातीत जवळजवळ नाही असा सापडेल. नमुने घेताना थराची खोली फूट-इंचांत लिहून ठेवणारा हॉस्पिटल असिस्टंट तेवढा दाखवा.